तामिए: चीज बनवणाऱ्या मठाला भेट कशी द्यावी

फ्रान्सच्या साव्हुआ भागात, आन्सी आणि आल्बेरव्हील या दोन शहरांच्या मधल्या डोंगरात, सुमारे ९०० मीटर उंचीवर तामिए हा मठ आहे. तेथील ट्रॅपिस्ट या कडक शिस्तीच्या कॅथलिक पंथाचे साधू गाईच्या कच्च्या दुधापासून चपटे, गोल, केशरी छटेच्या सालीचे चीज बनवतात, आणि हे चीज हाच मठाच्या उपजीविकेचा मुख्य आधार आहे. युरोपच्या सहलीत पॅरिस आणि स्वित्झर्लंड यांच्या मध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवता येत असतील, तर ही जागा वेळ देण्यासारखी आहे. मात्र चीज बनताना येथे पाहायला मिळत नाही, हे निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. चीजचे कामकाज, ते मुरवण्याची तळघरे आणि साधूंचे राहते घर पाहुण्यांना बंद असते. खुले असते ते चर्च, मठातील जीवनाची आणि चीजच्या कामाची ओळख चित्रफितीतून करून देणारे स्वागतकेंद्र आणि दुकान. निव्वळ चीजचा कारखाना पाहायच्या इच्छेने गेलेला माणूस अर्ध्या तासात पिशवी घेऊन खाली उतरतो आणि एवढ्यासाठी घाट चढलो का, असे त्याला वाटत राहते. म्हणून भेटीची आखणी दुकानाच्या वेळेभोवती न करता प्रार्थनेच्या वेळेभोवती करावी. चीज त्या दिवसक्रमाचाच एक भाग आहे आणि तसेच ते नीट समजते.

दिवस निवडताना

ट्रॅपिस्ट साधूंचा दिवस पहाटे चारच्या सुमारास पहिल्या प्रार्थनेने सुरू होतो आणि रात्री आठच्या आसपास शेवटच्या प्रार्थनेने संपतो. मधल्या वेळात ते आणखी काही वेळा चर्चमध्ये एकत्र येतात, आणि कामाचे तास या प्रार्थनांच्या मध्ये बसवलेले असतात. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत, हाताने काम करून पोट भरतात तेव्हाच ते खरे साधू ठरतात, असे स्पष्ट म्हटलेले आहे. चीजला या घरात स्थान मिळाले ते याच आज्ञेमुळे. पाहुण्याला सर्वांत सोयीच्या दोन प्रार्थना म्हणजे दुपारच्या जेवणापूर्वीची छोटी प्रार्थना, जी जेमतेम पाव तासात आटोपते, आणि संध्याकाळची प्रार्थना, जी अर्ध्या तासाच्या आसपास चालते. निवड करायची झाल्यास संध्याकाळची निवडावी. दुपारी लवकर पोहोचून आधी स्वागतकेंद्रातील चित्रफीत पाहावी, नंतर दुकानात जावे आणि शेवटी प्रार्थनेला बसावे. प्रार्थना संपेपर्यंत दुकान बंद होण्याची शक्यता असल्याने खरेदी आधी उरकणे शहाणपणाचे ठरते.

प्रार्थनेच्या आणि दुकानाच्या वेळा ऋतूनुसार, रविवारी आणि सणांना बदलतात. फ्रान्समध्ये दुपारी बारा ते दोन हा वेळ जेवणाचा म्हणून पाळला जातो आणि मठाचे दुकानही त्याला अपवाद असेल असे गृहीत धरू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी मठाच्या संकेतस्थळावर वेळापत्रक पाहून घ्यावे. अन्यत्र छापलेल्या वेळांवर, या लेखातील अंदाजावरसुद्धा, विसंबू नये.

वर पोहोचणे

पॅरिसहून आन्सीला थेट वेगवान रेल्वे आहे आणि तिला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. विमानाने यायचे असल्यास जिनिव्हा जवळचे आहे. तेथून आन्सी सुमारे ४५ किलोमीटर पडते. आन्सीहून तळ्याच्या काठाने आल्बेरव्हीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाव्हेर्ज हे छोटे गाव लागते आणि तेथून तामिए खिंडीचा घाट सुरू होतो. फाव्हेर्जपर्यंत बस मिळते, पण खरी अडचण पुढच्या शेवटच्या टप्प्याची आहे. मठापर्यंत सार्वजनिक वाहन मिळेल असे धरून चालू नये. टॅक्सी आधी ठरवून ठेवावी किंवा भाड्याची गाडी घ्यावी. भारतीय परवान्यावर गाडी चालवायची असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घेणे सोयीचे होते. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात फ्रान्सच्या डोंगराळ भागांत हिवाळी टायर लावणे किंवा साखळ्या जवळ बाळगणे बंधनकारक आहे, आणि भाड्याच्या गाडीला ते आहेत का हे गाडी ताब्यात घेतानाच विचारावे.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. आन्सीपासून जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी बांधलेला सायकलमार्ग तळ्याच्या कडेने फाव्हेर्जवरून पुढे जातो. तो जवळजवळ सपाट आहे. त्यानंतरची चढण मात्र सपाट नाही, आणि विजेवर चालणारी सायकल भाड्याने घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मे ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत सुखाचा. खिंडीच्या दोन्ही अंगांना कुरणे हिरवी असतात आणि गाईंच्या गळ्यातील घंटा रस्त्यावरून ऐकू येतात.

कोणाच्या घरी जात आहोत

मठाची स्थापना ११३२ मध्ये झाली. १०९८ मध्ये बर्गंडीतील सितो येथे काही साधूंनी बेनेडिक्टच्या नियमाकडे काटेकोरपणे परतण्यासाठी नवा मठ उभारला आणि त्यातून सिस्टर्सियन पंथ जन्माला आला. ट्रॅपिस्ट ही त्याचीच पुढे निघालेली, अधिक कडक शाखा. तामिए ही त्याच पंथाच्या पहिल्या काही दशकांतील शाखा. तिचे पहिले मठाधिपती पीटर पुढे तारांतेजचे आर्चबिशप झाले आणि संत म्हणून गणले गेले. आज दिसणाऱ्या मुख्य इमारती सतराव्या शतकाच्या अखेरच्या पुनर्बांधणीतील आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, साधूंना मठ सोडून जावे लागले आणि सहा दशकांहून अधिक काळ प्रार्थनेचा क्रम तुटला. साव्हुआ १८६० मध्ये फ्रान्सला जोडले गेले आणि पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, नव्या तुकडीने येऊन मठ पुन्हा वसवला. चीजची सध्याची परंपरा या दुसऱ्या जन्मापासूनची आहे. 'नऊशे वर्षांचे चीज' असे कोणी सांगितल्यास ते खुशाल सोडून द्यावे.

चर्चमध्ये बसण्यापूर्वी आणखी एक गोष्ट माहीत असावी. अल्जेरियातील तिबिरीन येथील सात ट्रॅपिस्ट साधूंचे १९९६ मध्ये अपहरण होऊन त्यांना प्राण गमवावे लागले, त्यांपैकी क्रिस्तोफ लब्रतों आणि पोल फाव्र-मिव्हील हे दोघे तामिएचे होते. २०१८ मध्ये ओरान येथे त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. मठात त्यांची आठवण जिवंत आहे, आणि तेथे भेटणाऱ्या वृद्ध साधूंसाठी ती केवळ इतिहासाच्या पुस्तकातील नावे नाहीत.

चर्चमध्ये

प्रार्थना सुरू होण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी जाऊन पाहुण्यांच्या बाकांवर बसावे. बूट काढायचे नसतात. टोपी काढायची असते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. फोन केवळ मूक न करता बंद करावा, कारण त्या शांततेत कंपनाचा आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. छायाचित्रे घेऊ नयेत. साधू एकेक करून येतात, पांढऱ्या लांब झग्यात, आणि समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात. स्तोत्रांची एक ओळ या बाजूने आणि दुसरी त्या बाजूने अशी गायली जाते, आणि प्रत्येक स्तोत्राच्या अखेरीस सगळे कमरेतून वाकतात. त्या वेळी उभे राहिले तर पुरे. आपणही वाकलेच पाहिजे असे नाही. गायन फ्रेंचमध्ये असते. भाषा येत नसली तरी स्तोत्राची ओळ मध्ये जिथे थांबते, तिथला दोन श्वासांचा अवकाश कळायला भाषेची गरज पडत नाही. रात्रीची शेवटची प्रार्थना मेरीला उद्देशून गायलेल्या 'साल्वे रेजिना' या लॅटिन गीताने संपते. ही जगभरच्या सिस्टर्सियन मठांची रीत आहे आणि मुक्काम असेल तर ती चुकवू नये.

मिस्सेच्या, म्हणजे मुख्य कॅथलिक उपासनेच्या वेळी गेल्यास एक काळजी आवर्जून घ्यावी. पवित्र भाकर वाटली जाते तेव्हा आपल्याकडील अनेक जण तिला प्रसाद समजून भक्तिभावाने रांगेत उभे राहतात. हेतू चांगला असला तरी ती कॅथलिक श्रद्धावंतांनीच स्वीकारायची असते. इतरांनी आपल्या जागी बसून राहावे. त्यात कोणालाही अनादर वाटत नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांना हे सांगण्याची गरज नाही, पण सोबत येणाऱ्या मित्रमंडळींना त्यांनी ते आधी सांगावे.

ट्रॅपिस्ट साधू मौनाची शपथ घेतात, हा मोठा गैरसमज आहे. त्यांच्या शपथा तीन: एकाच मठात आयुष्यभर राहणे, आज्ञापालन आणि जीवनाचे परिवर्तन. मौन ही शिस्त आहे, शपथ नव्हे. दुकानात किंवा स्वागतकेंद्रात साधू भेटल्यास 'बोंजूर, मों फ्रेर', म्हणजे 'नमस्कार, बंधू', असे म्हणून मोकळेपणाने प्रश्न विचारावा. उत्तर बहुधा थोडक्यात आणि नेमके मिळते.

चीज: काय पाहावे, काय विचारावे

दूध आसपासच्या शेतकऱ्यांकडून येते आणि ते तापवून निर्जंतुक केले जात नाही. ते कोमट, साधारण ३२ ते ३३ अंशांवर आणून त्यात विरजण आणि रेनेट (दूध साखळवणारा पदार्थ) घालतात. दूध साखळून घट्ट झाले की तारांच्या सुऱ्यांनी त्याचे बारीक दाणे कापतात, निवळी वेगळी करतात, दाणे साच्यांत भरून दाबतात आणि तयार चकत्या मिठाच्या पाण्यात ठेवतात. यापुढचे काम तळघरात होते. तेथे काही आठवडे प्रत्येक चकती पुन्हा पुन्हा उलटावी लागते आणि तिची साल मिठाच्या पाण्याने पुसावी लागते. या पुसण्यामुळे बुरशीऐवजी ब्रेव्हिबॅक्टेरियम लिनेन्स नावाचे जिवाणू सालीवर वाढतात; केशरी रंग त्यांचा, आणि तो उग्र वासही त्यांचाच. हेच जिवाणू माणसाच्या कातडीवरही राहतात, त्यामुळे हे चीज उघडताना ट्रेकवरून आल्यावर काढलेल्या मोज्यांची आठवण होते ती उगाच नाही. चव मात्र वासाच्या मानाने पुष्कळ सौम्य आहे: साय, ओले गवत, किंचित शेंगदाण्याच्या अंगाचा गोडवा आणि शेवटी मीठ.

असे एक किलो चीज करायला साधारण दहा लिटर दूध लागते, म्हणजे उरलेली निवळी प्रचंड असते आणि ती ओढ्यात सोडता येत नाही. तामिएच्या साधूंनी तिच्यापासून जैववायू तयार करण्याचा संच बसवला आणि त्यातून मठासाठी पाणी तापवले जाऊ लागले. गावोगावच्या गोबर गॅसचेच हे तत्त्व, फक्त शेणाच्या जागी निवळी. चित्रफितीत हा भाग दिसला तर त्याकडे लक्ष द्यावे. माझ्या मते या मठाच्या शहाणपणाचा तो उत्तम पुरावा आहे.

दुकानात लहान आणि मोठी अशा दोन आकारांच्या चकत्या मिळतात. लहान सुमारे अर्धा किलोची, मोठी सव्वा किलोच्या थोडी वर. मोठी चकती अधिक सावकाश मुरते आणि तिचा गर जास्त एकजीव असतो, पण प्रवासात लहानच घ्यावी. कागदाखाली बोटाने हलकेच दाबून पाहावे. मधोमध किंचित दबून परत वर येणारी चकती त्याच दिवशी खाण्यायोग्य असते. टणक असेल तर ती आणखी आठवडाभर थांबू शकते. खाण्यापूर्वी तासभर बाहेर ठेवावी. थंड चकती कापून लगेच खाल्ल्यास मीठ आणि रबर यापलीकडे काही लागत नाही, आणि मग मठाचे चीज उगाच बदनाम होते. साल खाता येते, पण पहिल्यांदा खाणाऱ्याने आधी नुसता गर खावा.

शाकाहारी वाचकांनी येथे थांबून विचार करावा. भारतात मिळणाऱ्या चीजसाठी सर्रास सूक्ष्मजीवांपासून तयार केलेले रेनेट वापरले जाते आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. फ्रान्समधील पारंपरिक कच्च्या दुधाच्या चीजमध्ये मात्र बहुधा वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असते, आणि तेथे हिरव्या ठिपक्याची पद्धत नाही. चीज 'दुधाचेच आहे' एवढ्या समजुतीवर विसंबू नये. 'प्रेझ्यूर आनिमाल?' एवढेच विचारले तरी प्रश्न कळतो. त्याचा अर्थ प्राणिज रेनेट. उत्तर 'वी' आल्यास दुकानातील इतर मठांचे मध, मुरंबे आणि गोळ्या-बिस्किटे पाहावीत. तसेच कच्च्या दुधाचे चीज गर्भवती स्त्रियांनी आणि पाच वर्षांखालील मुलांनी खाऊ नये, असा फ्रान्सच्या आरोग्य यंत्रणेचाच सल्ला आहे. सोबत कोणी तसे असेल तर कढईत वितळवल्याने काम भागेल असे न मानता ते त्यांना देणे टाळावे.

चीज बनण्याची प्रत्यक्ष क्रिया पाहायचीच असेल, तर आल्बेरव्हीलहून सुमारे २० किलोमीटरवरील बोफोर गावातील शेतकऱ्यांच्या सहकारी दुग्धालयात जावे. तेथे पाहुण्यांची सोय आहे आणि बोफोर या मोठ्या, कठीण चीजची अजस्र चाके दिसतात. सकाळी बोफोर आणि संध्याकाळी तामिए असा दिवस आखता येतो. सहकारी दूध संघांची सवय असलेल्या मराठी माणसाला पहिली जागा लगेच ओळखीची वाटेल.

मुक्काम करायचा असल्यास

बेनेडिक्टच्या नियमात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखे करावे असे सांगितले आहे, आणि म्हणूनच अशा मठांना अतिथिगृह असते. पण ते स्वस्त हॉटेल नव्हे. काही दिवस शांततेत राहू इच्छिणाऱ्यांसाठी ते आहे. तळे पाहायला दिवसभर बाहेर आणि रात्री झोपायला मठात, असा बेत असेल तर आन्सीत खोली घ्यावी. काही महिने आधी पत्र किंवा ई-मेल लिहून आपण कोण, कधी आणि कशासाठी येऊ इच्छितो हे सरळ शब्दांत सांगावे. हिंदू आहोत किंवा कोणताच धर्म पाळत नाही हे लपवण्याची गरज नाही. जेवण बहुधा मौनात होते. साधू स्वतः परंपरेने मांस खात नाहीत, तरी पाहुण्यांच्या पानात ते येऊ शकते आणि अंडी व मासे शाकाहारात मोडतात असा तिकडे समज असतो, म्हणून काय चालते आणि काय चालत नाही याची यादी पत्रातच द्यावी. खर्चासाठी मठ सुचवेल ती रक्कम निघताना न मागता द्यावी. शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. मठात राहणार असाल तर अतिथिगृह सांभाळणाऱ्या साधूंकडून लेखी होकार मागून घ्यावा आणि तो अर्जाला जोडावा.

नावाला भुलू नये

फ्रान्सच्या सुपरमार्केटमध्ये लठ्ठ, हसऱ्या साधूचे चित्र असलेली पुष्कळ चीजे मिळतात आणि त्यांतील अनेकांचा कोणत्याही चालू मठाशी संबंध नसतो. पोर-साल्यू हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आंत्राम येथील ट्रॅपिस्ट साधूंनी ते एकोणिसाव्या शतकात बनवायला सुरुवात केली, पण १९५९ मध्ये नाव विकले गेले आणि आज ते कारखान्यात तयार होते. चीज वाईट नाही. ते मठाचे नाही, इतकेच. खरे मठाचे चीज ओळखायचे तर पाकिटावर मठाचे पूर्ण नाव आणि गावाचा पत्ता पाहावा, आणि ट्रॅपिस्ट मठांच्या बाबतीत षट्कोनी 'अस्सल ट्रॅपिस्ट उत्पादन' हा शिक्का शोधावा, मात्र प्रत्येक मठ तो घेतोच असे नाही. १९२५ पासून चीज बनवणारा सितो आणि अक्रोडाच्या मद्यात मुरवलेले चीज करणारा एशुर्न्याक येथील साध्वींचा मठ ही दोन नावेही लक्षात ठेवावीत. इतक्या दूर जाणे शक्य नसल्यास बंगळुरूत वालोंब्रोसन बेनेडिक्टाइन साधू इटालियन पद्धतीचे चीज बनवतात.

सोबत नेताना

चकती मूळ कागदातच ठेवून वर घट्ट झाकणाचा डबा वापरावा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्यास ती घामाघूम होते आणि साल चिकट बनते. रेल्वेच्या बंद डब्यात सहप्रवाशांचा विचार करावा. हॉटेलच्या खोलीत ठेवायचे असेल तर लहान फ्रिजचा सर्वांत कमी थंड कप्पा निवडावा. भारतात नेण्याचा विचार असल्यास सीमाशुल्काचे त्या वेळचे नियम आधी पाहावेत, आणि मे महिन्यातील मुंबई विमानतळावरचा तासाभराचा खोळंबा कच्च्या दुधाच्या चीजला मानवत नाही हेही ध्यानात घ्यावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी नियम अधिक कडक आहे: लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून वैयक्तिक सामानात दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई केली, त्यामुळे तेव्हाची स्थिती तपासून घ्यावी आणि मनाई कायम असेल तर चकती आन्सीच्या तळ्याकाठी पाव घेऊन तेथेच संपवावी.